घाट, बारी आणि सेकंद : जुन्नर-आंबेगावातील बैलगाडा शर्यतीचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव आणि खेड या तालुक्यांत, तसेच सह्याद्रीच्या कडेने पसरलेल्या मावळात, ग्रामदैवताच्या यात्रेला जोडून भरणाऱ्या बैलगाडा शर्यतीची घडण महाराष्ट्राच्या इतर भागांतील शर्यतींहून मुळातच वेगळी आहे. सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात, छकड्यावर गाडीवान असतो, सपाट माळावर अनेक छकडे एकाच वेळी सुटतात आणि गट, उपांत्य फेरी, अंतिम फेरी अशा पायऱ्या चढत विजेता ठरतो. जो पुढे तो जिंकला, हे तेथे कोणाही प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. जुन्नर-आंबेगावात मात्र एका वेळी एकच गाडा धावतो, त्याला दोन जोड्यांचे मिळून चार बैल असतात, त्यांच्या पुढे स्वारासह घोडी पळते, गाड्यावर हाकणारा कोणी नसतो, धाव चढाची असते आणि निकाल लागतो तो घड्याळावर. त्यामुळे दोन कट्टर प्रतिस्पर्धी गाडे अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, तरी घाटात त्यांची समोरासमोर गाठ कधीच पडत नाही. एकाची धाव संपते, तिचे सेकंद जाहीर होतात आणि दुसऱ्याच्या धावेपर्यंतचा सारा काळ दोन्ही बाजूंचे लोक त्या आकड्याकडे डोळे लावून काढतात. येथील शौकिनांची उत्कंठा, गावोगावची चढाओढ आणि बंदीच्या वर्षांतही न विझलेली जिद्द यांना या एका वैशिष्ट्याने आकार दिला आहे, आणि म्हणून या शर्यतीचा इतिहास बऱ्याच अंशी वाट पाहण्याचा इतिहास आहे.

हे वेगळेपण एका दूरच्या खेळाशी ताडून पाहिले की अधिक स्पष्ट होते. उत्तर इंग्लंडातील गिरण्या आणि खाणींच्या गावांत वाढलेल्या रग्बी लीग या खेळाचा आरंभ १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे काही क्लब जुन्या संघटनेतून बाहेर पडल्याने झाला, आणि त्यांच्या चॅलेंज चषकाची पहिली अंतिम लढत १८९७ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर बॅटली आणि सेंट हेलेन्स या दोन क्लबांत झाली. तेव्हापासून आजपर्यंत तेथील चषकाची अंतिम लढत म्हणजे दोन गावांच्या अभिमानाची भेट असते, आणि ऐंशी मिनिटे दोन्ही संघ एकाच मैदानावर एकमेकांना भिडत असल्यामुळे समर्थकांना आपला राग आणि आनंद थेट समोरच्या संघाकडे वळवता येतो. बैलगाड्याच्या घाटात समोरचा संघच नसतो. तेथे दोघांचाही सामना काळाशी असतो, आणि कदाचित याच कारणाने येथील वैर भांडणापेक्षा हिशेबाकडे अधिक झुकलेले दिसते.

ही शर्यत ज्या भूमीत रुजली तिची ओळख करून घेतल्याशिवाय तिचे स्वरूप कळत नाही. जुन्नर तालुका कुकडी, मीना आणि पुष्पावती या नद्यांच्या खोऱ्यांत आणि आंबेगाव तालुका मुख्यतः घोड नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. दोहोंचा पश्चिम भाग अतिपावसाचा, भातशेतीचा आणि महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वस्तीचा, तर पूर्व भाग कमी पावसाचा, बाजरी-ज्वारीच्या रानांचा आणि उघड्या माळांचा आहे. सातवाहन काळापासून कोकण आणि देश यांना जोडणारा नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेस आहे, आणि त्या उभ्या वाटेवरून माल चढवण्या-उतरवण्याचे काम ओझ्याच्या जनावरांवरच अवलंबून होते. पश्चिमेकडील चिखल-पावसात डांगी जातीची काटक जनावरे टिकतात, तर पूर्वेकडील कोरड्या माळांना खिल्लार बैल मानवतो. शर्यतीचा बैल म्हणून मान मिळाला तो खिल्लारला, कारण पांढुरका, घट्ट कातडीचा, मागे वळलेल्या लांब शिंगांचा आणि स्वभावाने तापट असा हा बैल जड ओढकामापेक्षा चपळ चालीसाठीच प्रसिद्ध आहे. त्याची मूळ पैदास सातारा, सांगली आणि सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातील असल्याने जुन्नर-आंबेगावचे शेतकरी खरसुंडीसारख्या दूरच्या बाजारांपर्यंत जात आले आणि चाकण किंवा जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथील बैलबाजारांतही पारखून खरेदी करत आले. शर्यतीमुळे दोन वेगळ्या प्रदेशांतील पशुपालकांचे असे जे नाते जुळले, त्याची दखल अर्थव्यवस्थेच्या इतिहासात फारशी घेतली गेलेली नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

शर्यतीचे वेळापत्रक देवाच्या तिथीने बांधलेले आहे. खरिपाचे धान्य घरात आले आणि रब्बीची कामे उरकत आली की पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंत या भागात यात्रांचा हंगाम चालतो. भैरवनाथ, खंडोबा, मुक्ताबाई, हनुमान अशा ग्रामदैवतांच्या यात्रा प्रत्येक गावी ठरलेल्या तिथीला भरतात. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग गडावरील खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, आणि जुन्नर तालुक्यातील वडज व धामणखेल ही खंडोबाची प्रसिद्ध स्थाने आहेत. यात्रेत मांडवडहाळे, म्हणजे वाजतगाजत आणून देवापुढे वाहिलेल्या झाडांच्या फांद्या, शेरणी, म्हणजे नवस फेडताना वाटलेला गोड प्रसाद, पालखीचा छबिना, रात्रीचा तमाशा, सकाळच्या हजेऱ्या आणि कुस्त्यांचा आखाडा हे सारे असते. तमाशाच्या बाबतीत तर नारायणगाव हे फडांच्या राहुट्यांचे आणि सुपाऱ्या ठरवण्याचे महाराष्ट्रातील प्रमुख ठाणे आहे. कुस्तीची हौस पावसाळ्यातही भागते, कारण ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी आखाडे भरतात. बैलगाड्याला मात्र कोरडी, घट्ट जमीन लागते, म्हणून तो हिवाळ्या-उन्हाळ्याचाच खेळ राहिला. एका गावची तिथी दुसऱ्या गावच्या तिथीशी सहसा टक्कर घेत नसल्यामुळे तोच गाडा हंगामात अनेक घाटांत उतरू शकतो, आणि एका यात्रेत अर्ध्या सेकंदाने हुकलेली बाजी पुढच्या यात्रेत भरून काढण्याची संधी मिळते. दोन गाड्यांमधील चुरस अशी पौषात सुरू होऊन चैत्रापर्यंत वाढत जाते, आणि हंगामातल्या शेवटच्या मोठ्या घाटाकडे लोकांचे लक्ष लागून राहते ते यामुळे.

या रूढीत दोन थर एकावर एक बसलेले आहेत, असे तिच्या आजच्या रूपावरूनही दिसते. पहिला थर नवसाचा आहे. देवाला बोललेला गाडा त्याच्या दारी पळवायचा, त्यात कोणाला हरवायचे नाही आणि बक्षीसही घ्यायचे नाही, ही भावना आजही अनेक यात्रांत नवसाच्या गाड्यांच्या रूपाने जिवंत आहे. दुसरा थर सेकंदाचा आहे, आणि तो उघडच अलीकडचा असला पाहिजे, कारण सेकंद आणि त्याचे अंश मोजणारे घड्याळ खेड्यात पोहोचण्यापूर्वी एकट्याने धावलेल्या गाड्यांची परस्परांशी इतकी काटेकोर तुलना होणे शक्यच नव्हते. देवापुढे एकेकट्याने गाडा पळवण्याची जुनी रीत कायम राहिली आणि तिच्यावर घड्याळ येऊन बसले. एका वेळी एकच गाडा धावण्याच्या पद्धतीचे याहून समाधानकारक स्पष्टीकरण सापडत नाही. गाडे एकमेकांशी झुंजवण्याच्या हेतूने ही शर्यत प्रथम रचली गेली असती, तर ती साताऱ्याकडील माळासारखी दिसली असती.

येथे घाट म्हणजे डोंगरातील वाट नव्हे, तर शर्यतीसाठी राखलेली, खालून वर चढत जाणारी, दोन्ही बाजूंनी उंचवटे किंवा कठडे असलेली धावपट्टी होय. अनेक गावांनी असा घाट गावठाणाबाहेर कायमचा राखलेला असून यात्रेपूर्वी त्यातील दगड-खडे वेचून, माती टाकून, पाणी मारून तो दाबून घेतला जातो. घाटाच्या तळाशी गाडा जुंपतात, चारही बैलांना माणसे धरून ठेवतात, स्वार घोडी घेऊन पुढे उभा राहतो आणि इशारा होताच घोडी सुटते व तिच्या मागोमाग बैल झेपावतात. या एका धावेला बारी म्हणतात. वरच्या टोकाला निशाण, म्हणजे झेंडा घेतलेला पंच असतो, ध्वनिक्षेपकावरून निवेदकाची भिर्रर्र अशी लांबवलेली आरोळी उठते आणि साधारण ११ ते १४ सेकंदांच्या आत सारे संपते. चढामुळे बैलांचा वेग शेवटी आपोआप आवरला जातो आणि वर थांबलेल्या माणसांना ते धरता येतात. घोडीचे काम शोभेचे नाही. ती फार पुढे गेली तर बैलांचा पाठलागाचा आवेश ओसरतो, आणि मागे रेंगाळली तर बैल तिच्या अंगावर येतात, म्हणून बैलांचा वेग ओळखून अंतर राखणारी घोडी आणि तिचा स्वार यांना गाडामालक बैलाइतकाच मान देतात.

निकालाची पद्धत बाहेरच्या माणसाला प्रथमदर्शनी गोंधळाची वाटते, परंतु तिच्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. यात्रा कमिटी आधीच सेकंदांच्या मर्यादा ठरवून देते. एका मर्यादेच्या आत आलेले सर्व गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढील मर्यादेतले दुसऱ्या नंबरात, अशी वर्गवारी होते आणि त्या त्या नंबराचे बक्षीस त्यातील गाड्यांत वाटले जाते. अशा रीतीने शेकडो गाडे आलेल्या यात्रेत बऱ्याच मालकांना गुलाल आणि भंडारा उधळण्याचा मान मिळतो. त्याखेरीज दिवसाचा सर्वांत कमी वेळ नोंदवणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो, आणि मोठ्या यात्रांत पहिल्या नंबरातील गाड्यांची पुन्हा बारी लावून फायनल घेतली जाते. पहिल्या नंबरात येणे ही अनेकांची प्रतिष्ठा असली, तरी खरी चर्चा फायनलचीच होते.

या फायनलपूर्वीचे तास शौकिनांच्या दृष्टीने यात्रेतील सर्वांत मोलाचे असतात, आणि त्यांच्या चर्चेतून या खेळाचे ज्ञान पिढ्यानपिढ्या पुढे गेले आहे. बारीचा क्रम चिठ्ठ्या किंवा टोकन काढून ठरतो, आणि हा क्रम म्हणजे निम्मी लढाई असल्याचे जाणकार मानतात. सकाळी घट्ट असलेला घाट दिवसभराच्या धावांनी भुसभुशीत होतो, दुपारचे ऊन पांढऱ्या बैलालाही जाचते, आणि संध्याकाळी वाढलेल्या गर्दीच्या आवाजाने एखादा तापट बैल बुजतो तर एखादा त्याच आवाजाने पेटतो. प्रतिस्पर्धी गाडा आधी धावणार असेल तर आपल्या बैलांपुढे गाठायचा आकडा तयार असतो; तो नंतर धावणार असेल तर आपला आकडा तोपर्यंत टिकतो की नाही, याची धाकधूक बाळगत घाटाच्या कडेला उभे राहावे लागते. यांतील कोणती यातना बरी, यावर शौकिनांत एकमत होत नाही.

चर्चेचा दुसरा विषय असतो बैलांची जुळणी. बैलाचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा, आणि वय वाढत सर्व दात आलेला तो जुळलेला. तरुण बैलात झेप असते पण धीर नसतो, वयस्क बैलाला घाट ठाऊक असतो पण अखेरच्या टप्प्यात दम अपुरा पडतो, म्हणून चारांपैकी कोण पुढच्या जोडीत आणि कोण मागच्या जोडीत, उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण, याची जुळणी हा मालकाच्या कौशल्याचा कस असतो. एकाच मालकाकडे चारही तोलाचे बैल असणे दुर्मीळ असल्यामुळे दोन मालक आपापले बैल एकत्र जुंपून एक गाडा उतरवतात, आणि अशा गाड्याला जुगलबंदीचा गाडा म्हणतात. या प्रथेमुळे गेल्या यात्रेतले प्रतिस्पर्धी या यात्रेत भागीदार झालेले दिसतात आणि वैर कोणत्याही दोन घरांत कायमचे गोठून राहत नाही. ग्रामीण समाजात भावकीची, म्हणजे एका कुळातील घरांची, भांडणे तीन-तीन पिढ्या चालल्याची उदाहरणे असताना बैलगाड्याच्या चुरशीने असा लवचीकपणा राखला, ही या रूढीची मोठी कमाई मानली पाहिजे.

बैल मात्र शेतातून हळूहळू बाहेर पडत होता. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही तालुक्यांच्या शेतीचा चेहरा बदलला. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालत राहिला. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला देशभर नाव मिळाले आणि नांगरट, पेरणी, वाहतूक ही कामे ट्रॅक्टर व टेम्पो यांच्याकडे गेली. एकीकडे बैलाचा शेतातील उपयोग आटत गेला, आणि दुसरीकडे उसाच्या व भाजीपाल्याच्या पैशाने शर्यतीचा बैल पोसण्याची ऐपत वाढली. दूध, अंडी, उडदाचे पीठ आणि पेंड यांचा खुराक, रोजची चाल, नदीत किंवा तळ्यात पोहणी, असा या बैलाचा दिनक्रम औत ओढणाऱ्या बैलाहून सर्वस्वी निराळा असतो, आणि नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत जाते. परिणामी खिल्लार जातीचा या भागातील मुख्य आश्रय शेती न राहता शर्यत हाच उरला, आणि पुढे शर्यतीवर आलेला घाला म्हणून जातीच्या अस्तित्वावरचा घाला मानला गेला.

हा घाला कायद्याच्या वाटेने आला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या २२ व्या कलमान्वये केंद्र सरकार ज्या प्राण्यांची नावे जाहीर करील त्यांचे प्रदर्शन किंवा त्यासाठी प्रशिक्षण करता येत नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या त्या यादीत ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश झाला; मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याच्या आधारे बैलगाडा शर्यतींविरुद्ध निर्णय दिला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतही बेकायदा ठरवली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही आणि त्याला भीती व वेदना देऊनच पळवले जाते, हा त्या निकालाचा गाभा होता. केंद्राने ७ जानेवारी २०१६ रोजी अधिसूचना काढून शर्यतींना सशर्त मोकळीक दिली, परंतु पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढे २०१७ मध्ये तमिळनाडूच्या पाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळाने १९६० च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली व तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण त्याच वर्षी १६ ऑगस्टला उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीत गेले.

या दुरुस्तीतील व्याख्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यात ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ आणि ‘शंकरपट’ ही राज्याच्या निरनिराळ्या भागांतील तीन नावे नोंदवलेली आहेत, आणि गाडीवान असो वा नसो, दोन्ही प्रकार शर्यतीत धरलेले आहेत. उत्तर पुण्यातील बिनगाडीवानाच्या गाड्याला अशा रीतीने प्रथमच कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. नियमांनी धावपट्टीची कमाल लांबी १,००० मीटर ठरवली, आयोजकाकडून ५०,००० रुपयांची अनामत, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक केली, काठी, चाबूक आणि विजेचा धक्का देणारी साधने यांना बंदी घातली, आणि कायद्यातच पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली.

२०१४ ते २०२१ ही सात वर्षे जुन्नर-आंबेगावच्या शौकिनांनी काढली ती तारीख न ठरलेल्या फायनलची वाट पाहण्यात. यात्रा भरत राहिल्या, पालख्या निघाल्या, तमाशे झाले, परंतु घाट ओस पडले आणि काही ठिकाणी चोरून झालेल्या शर्यतींवर गुन्हे दाखल झाले. या काळात जे घडले नाही ते अधिक लक्षणीय आहे: असंख्य मालकांनी बैल विकून टाकले नाहीत. शेतात काम नाही, घाटात धाव नाही, तरीही खुराक चालू, अशा अवस्थेत जनावर सांभाळणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. ज्या बैलांची उमेदीची वर्षे बंदीत गेली ते कधी पळालेच नाहीत, आणि त्यांच्या जागी नवे खोंड आणले गेले ते केवळ उद्या परवानगी मिळेल या आशेवर. अखिल भारतीय बैलगाडा संघटनेने न्यायालयात बाजू मांडली, मोर्चे निघाले, आणि शिरूर लोकसभा मतदारसंघाच्या राजकारणात बैलगाडा हा निवडणुकीचा विषय झाला. शिवाजीराव आढळराव पाटील आणि २०१९ मध्ये त्यांचा पराभव करून निवडून आलेले नारायणगावचे अमोल कोल्हे या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी शर्यत सुरू व्हावी ही एकच मागणी लावून धरली.

सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी नव्या कायद्याच्या व नियमांच्या चौकटीत शर्यतींना परवानगी दिली, आणि आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडी येथे १ जानेवारी २०२२ रोजी मोठी शर्यत ठरली. घाट सज्ज झाला, मालकांची तयारी पूर्ण झाली, आणि करोनाच्या ओमायक्रॉन लाटेमुळे प्रशासनाने ऐन आदल्या रात्री परवानगी रद्द केली. सात वर्षांच्या प्रतीक्षेत आणखी काही आठवड्यांची भर पडली, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. बंदी उठूनही घाट रिकामा राहिल्याचे दुःख त्या रात्री दोन्ही तालुक्यांतील गोठ्यांनी सोसले. पुढील महिन्यांत यात्रांचे घाट एकेक करून सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातील निमगावच्या घाटात खासदार कोल्हे यांनी निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे बैलगाड्यापुढे घोडी धरली. न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवल्यावर न्यायालयीन अनिश्चितता संपली.

बंदीनंतरची शर्यत पूर्वीसारखी राहिलेली नाही. हातातील घड्याळाची जागा सेकंदाचे शतांश दाखवणाऱ्या विद्युत यंत्रांनी घेतली, बारी भ्रमणध्वनीवर थेट दिसू लागली, आणि ढाल, फेटा व रोख रकमेच्या जागी मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी ही बक्षिसे आली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे मे २०२२ मध्ये भरलेल्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते. बक्षीस वाढले की बैलावरचा ताणही वाढतो, आणि येथे या रूढीच्या चाहत्यांनी स्वतःशी कठोर होण्याची गरज आहे. न्यायालयाने २०१४ मध्ये घेतलेले आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. टोचणी, चाबूक आणि बॅटरीचा धक्का यांचा वापर काही घाटांत होत होता, आणि त्याच्यामुळेच प्रामाणिक मालकांना सात वर्षे शिक्षा भोगावी लागली. बारीपूर्वी बैल तपासणारा पशुवैद्यक, घाटात काठी घेऊन उतरणाऱ्याला बाहेर काढणारी यात्रा कमिटी आणि मार खाऊन मिळालेला सेकंद न मानणारा शौकीन, हे तिघे आपापल्या जागी उभे राहिले तरच २०२३ चा निकाल टिकाऊ ठरेल.

इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक मागणी करावीशी वाटते. ही संपूर्ण रूढी आकड्यावर उभी असताना तिचे आकडे मात्र यात्रा संपताच विरून जातात. कोणत्या घाटात कोणत्या वर्षी कोणता गाडा किती सेकंदांत आला, जुंपलेले चार बैल कोणत्या बाजारातून आले होते, घोडी कोणाची होती, घाट कोणाच्या रानात होता, याच्या नोंदी निवेदकांच्या वह्यांत, जुन्या पत्रिकांत आणि म्हाताऱ्या शौकिनांच्या स्मरणात विखुरलेल्या आहेत, आणि त्या स्मरणाला वय आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील प्रत्येक यात्रा कमिटीने आपल्या घाटाची एक कायमची नोंदवही ठेवावी, बंदीपूर्वीच्या जेवढ्या बाऱ्या जाणत्यांना आठवतात तेवढ्या तिच्यात आताच उतरवून घ्याव्यात, आणि तिची एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी.